बाटली वाचा, मगच औषध द्या



तणनाशक मारलेला पंप नीट न धुता त्यानेच कपाशी फवारली आणि पाने आखडली, असा एखादा अनुभव बहुतेक गावांत सापडेल. पीक गेले तर पुढच्या हंगामात भरून काढता येते. पण अशीच अदलाबदल माणसाच्या औषधात झाली तर?

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावी ती झाली. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ डोसचा दिवस. पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व बालके बचावली. तिघांवर कारवाईचे आदेशही निघाले. पण माणूस बदलला आणि टेबलावर दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारीच राहिल्या, तर चूक पुन्हा होणारच. म्हणून आधी कारण शोधले पाहिजे.

चूक का होते?

सारख्या दिसणाऱ्या बाटल्या, सारखी नावे, न लागणारे अक्षर, गर्दी, थकवा आणि मध्येच कुणीतरी बोलणे ही नेहमीची कारणे. २०१० साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांतील ९८ परिचारिकांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध देताना जितक्या वेळा अडथळा आला, तितक्या चुका वाढत गेल्या. एका अडथळ्यामागे ही वाढ सुमारे १२ टक्के होती. म्हणजे सिस्टर इंजेक्शन भरत असताना आपण "बाई, माझा नंबर कधी?" असे विचारतो, तेव्हा चुकीला आपणही हातभार लावतो.

मात्रेचा घोळ तर घरातही होतो. लिटरला किती आणि पंपाला किती यात आपली गफलत होते, तसेच इन्सुलिनचे आहे. ते ४० आणि १०० युनिट अशा दोन ताकदीत मिळते. ४० साठीच्या सिरिंजला लाल टोपण, १०० साठीच्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर अडीच पट औषध अंगात जाते. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

पाच गोष्टींची खात्री

परिचारिकांना शिकवताना पाच गोष्टी पाठ करून घेतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. शिवाय लेबल तीनदा वाचायचे. बाटली उचलताना, औषध काढताना आणि बाटली परत ठेवताना. ही पद्धत घरीही पाळा, फवारणीलाही पाळा.

गावाने काय करावे?

१) सरपंच व ग्रामसेवकांनी लसीकरणाच्या दिवशी लसीसाठी वेगळे टेबल द्यावे. सॅनिटायझर, फिनेल त्यावर नकोच. रांग लावायला एक माणूस उभा करावा, म्हणजे सिस्टरभोवती गराडा पडणार नाही.

२) पोलिओच्या कुपीच्या लेबलवर गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. पालकांनी ते दाखवायला सांगावे. त्यात कुणाचा अपमान नाही.

३) डॉक्टरांची चिठ्ठी वाचता आली नाही, तर तिथेच विचारा. औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितले आहे.

४) कीटकनाशक पाण्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नका. मूळ डब्यातच, कुलपात ठेवा.

५) चूक झालीच तर लपवू नका. बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. काय पोटात गेले हे कळले, तर डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात.

आणि ज्या सिस्टरने, आशाताईने स्वतःहून "माझी चूक झाली" असे सांगितले, तिच्यावर गावाने एकदम तुटून पडू नये. चूक सांगणाऱ्याला भीती वाटली, तर पुढची चूक कुणी सांगणार नाही, आणि तेव्हा बाळ आपल्यापैकीच कुणाचे तरी असेल. पुढच्या ग्रामसभेत लसीकरणाच्या टेबलाचा हा विषय जरूर घ्यावा, ही विनंती.