पिलांचे जंत आणि मुलांचे डोळे

नाशिकसारख्या शहरात माणसांची व जनावरांची वस्ती अद्याप एकमेकींपासून फारशी दूर गेलेली नाही. वाड्याच्या बोळात किंवा देवळाच्या आवारात कुत्री व्याली म्हणजे मुले तिच्या पिलांस दूधपोळी नेऊन घालतात, आणि वडील मंडळी त्यांची भूतदया पाहून संतोष पावतात. ही भूतदया सोडावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु जनावरांपासून मनुष्याच्या नेत्रांत शिरणारे काही कृमी आहेत. मुले असलेल्या प्रत्येक घरात त्यांची माहिती असावयास पाहिजे.

डोळ्यांत वळवळणारा किडा म्हटले की अंगावर शहारा येतो. असे प्रत्यक्ष दिसणारे कृमी मुख्यतः दोन. पहिल्याचे नाव थेलाझिया. रावळपिंडीच्या एका कुत्र्याच्या डोळ्यांत सापडलेल्या कृमीवरून फ्रेंच शास्त्रज्ञांनी इ. स. १९१० साली याच्या एका जातीचे वर्णन केले. मनुष्याच्या डोळ्यांत तो सापडल्याचे वृत्त हिंदुस्थानातून १९४८ साली सेलमहून आले. अश्रूंवर बसणारी माशी याचा प्रसार करते. दुसरा डायरोफायलेरिया. हा कुत्र्याच्या कातडीखाली राहतो व डासाच्या दंशाने मनुष्यात येतो. केरळात आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर याचे रोगी विशेष आढळले आहेत. हे दोन्ही कृमी दिसावयास भयंकर खरे. पण ते दिसतात, म्हणूनच रोगी तत्काळ नेत्रवैद्याकडे धाव घेतो. पहिला चिमट्याने व दुसरा लहानशा शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो, आणि दृष्टी बहुधा शाबूत राहते.

खरे भय आहे ते न दिसणाऱ्या तिसऱ्या कृमीचे. त्याचे नाव टॉक्सोकारा. हा कुत्र्यामांजरांच्या आतड्यातील जंत होय. पिलू जन्मास येण्यापूर्वीच आईच्या गर्भात त्यास याची लागण होते, आणि ते तीन-चार आठवड्यांचे झाले की त्याच्या विष्ठेतून जंतांची असंख्य अंडी पडू लागतात. ताजी अंडी अपायकारक नसतात. मातीत काही आठवडे गेल्यावर त्यांत अळी तयार होते, आणि पुढे ती अंडी वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. मातीत खेळलेले मूल न धुतलेला हात तोंडात घालते, आणि अंडे पोटात जाते. मनुष्याच्या आतड्यात या अळीचा मोठा जंत होत नाही. ती रक्तावाटे शरीरभर भटकते व कधी नेत्रपटलापर्यंत पोहोचते. तेथे सूज येऊन व्रण पडतो. मोठा जंत होत नसल्याने शौचपरीक्षेत काहीच सापडत नाही.

या रोगाचा शोध मोठा हृदयद्रावक आहे. डोळ्यांत कर्करोग असल्याच्या संशयावरून मुलांचे डोळे काढले जात. अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी अशा प्रकारच्या ४६ डोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तो त्यांपैकी २४ डोळ्यांत कर्करोग नसून कृमींच्या अळ्या अथवा त्यांच्या खुणा आढळल्या. हे संशोधन १९५० साली प्रसिद्ध झाले. त्यांतील काही अळ्या टॉक्सोकाराच्या असल्याचे १९५६ साली निश्चित झाले.

या रोगात बहुधा एकच डोळा जातो. दुसऱ्या डोळ्याने काम चालते, म्हणून मूल तक्रार करीत नाही, आणि एकत्र कुटुंबात दहा माणसांच्या देखत एक डोळा मंद होत गेला तरी कोणास कळत नाही. यास्तव आमची सूचना अशी की, घरातील प्रत्येक मुलाचा एकेक डोळा पुठ्ठ्याने झाकून त्यास भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे वाचावयास लावावे. एका डोळ्याने कमी दिसत असेल, डोळा तिरळा होऊ लागला असेल किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसेल, तर एक दिवसही न दवडता नेत्रवैद्यास दाखवावे. पांढरी झाक कर्करोगाचीही असू शकते. निर्णय त्यांनीच करावयाचा. सूज औषधाने आटोक्यात येते, पण गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. घरी पिलू पाळले असेल तर दोन आठवड्यांच्या वयापासून पशुवैद्याच्या सल्ल्याने त्यास जंतांचे औषध नियमाने द्यावे. त्याची विष्ठा रोजच्या रोज उचलावी, म्हणजे अंड्यांत अळी तयार होण्यास अवधीच मिळत नाही. मुलांची नखे कापलेली असावीत. बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याची आपली रीत उत्तम आहे; पण नुसते पाणी ओतून भागत नाही, साबण लावून नखांतील माती काढली पाहिजे. नाशिकच्या मळ्यांतली कोथिंबीर कितीही ताजी असली तरी कोशिंबिरीत घालण्यापूर्वी ती दोन-तीन पाण्यांतून निवळून घ्यावी. शाळेत मुलास जंतांची गोळी मिळाली म्हणून या कृमीविषयी निश्चिंत राहू नये.

मुलांनी पिलांस दूधपोळी अवश्य घालावी. मात्र पिलांस औषध देण्याची व मुलांचे हात धुवून घेण्याची जबाबदारी घरातील एखाद्या मोठ्या माणसाने आपल्याकडे घ्यावी.