सहा कलावंत, एक दालन

जळगावहून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत अनेक चित्रकारांनी मिळून भिंती रंगविल्या. ह्यांपैकी कोणते चित्र कोणाच्या हातचे, हे आज कोणासही सांगता येत नाही. विषय एक, परंपरा एक. तीत प्रत्येकाने आपले नाव जणू विरघळून टाकले.

आजचे चित्रकारही पुष्कळदा एकत्र येऊन एकाच दालनात आपली चित्रे मांडतात. ह्याला समूहप्रदर्शन म्हणतात. परंतु येथे प्रकार निराळा असतो. एका भिंतीवर निसर्गचित्र, तर दुसऱ्या भिंतीवर केवळ रंगांचे पट्टे. आणि प्रत्येक चित्राजवळ ते काढणाऱ्याचे नाव. ज्यांची चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत, ती माणसे एकत्र का येतात? मुंबईत १९४९ साली भरलेल्या एका लहानशा प्रदर्शनाच्या कथेत ह्या प्रश्नाचे उत्तर सापडते.

त्या काळी कलाशाळांतून मुख्यतः समोरची वस्तू हुबेहूब उतरविण्याचे शिक्षण मिळे. दुसरीकडे काही चित्रकार जुन्या भारतीय शैलीत पौराणिक प्रसंग रंगवीत. ह्या दोन्ही वाटा सोडून तिसरी वाट शोधणारे काही तरुण मुंबईत होते. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, म्हणजे १९४७ साली, त्यांच्यापैकी सहा जणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ ही संघटना स्थापन केली.

हे सहा जण सहा ठिकाणचे. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन चित्रपटांचे भव्य जाहिरातफलक रंगवून पोट भरीत. कृष्णाजी हौळाजी आरा ह्यांनी मुंबईत घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन दिवस काढले होते. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सोझा ह्यांना स्वातंत्र्यचळवळीतील सहभागामुळे १९४५ साली कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. सय्यद हैदर रझा मध्यप्रांतातील अरण्यप्रदेशात वाढले व नागपुरास चित्रकला शिकले. विदर्भातील हरी अंबादास गाडे हे विज्ञानाचे पदवीधर, तर सदानंद बाकरे हे मूर्तिकार. धर्म, भाषा, शिक्षण आणि परिस्थिती ह्यांपैकी कशातही ह्या सहांचे साम्य नव्हते.

१९४९ साली मुंबईतील रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांनी आपल्या कलाकृती मांडल्या. लेखक मुल्कराज आनंद ह्यांनी प्रदर्शनाचे उद्‌घाटन केले. विषय आणि तंत्र ह्या दोन्ही बाबतींत आम्ही पूर्ण स्वातंत्र्य घेतो, असे सोझांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेत नमूद केले. ह्यातच त्या समूहाचे मर्म होते. आपण सारे सारखे आहोत म्हणून ते एकत्र आले नव्हते. प्रत्येकाला वेगळे राहता यावे म्हणून ते एकत्र आले होते.

ह्या गोष्टीला व्यवहाराची बाजूही आहे. दालनाचे भाडे, चित्रांच्या चौकटी, निमंत्रणपत्रिका ह्यांचा खर्च एकट्या नवख्या चित्रकाराला पेलत नाही. तो वाटून घेतला म्हणजे हलका होतो. शिवाय अनोळखी रीतीचे एकटे चित्र पाहून लोक हसतात व पुढे जातात. तेच चित्र इतर पाच जणांच्या सोबतीत असले, म्हणजे प्रेक्षक थबकतो आणि ह्या साऱ्यांना काहीतरी नवे सांगावयाचे आहे, हे त्याच्या ध्यानी येते.

हा समूह फार काळ टिकला नाही. सोझा १९४९ सालीच लंडनला गेले, रझा १९५० साली पॅरिसला गेले आणि बाकरे ह्यांनीही पुढे लंडनची वाट धरली. वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना ह्यांसारखे नवे चित्रकार येऊन मिळाले. तरी १९५६ साली संघटना विसर्जित झाली. परंतु तिचे कार्य तोवर झाले होते. हुसेन, रझा, सोझा आणि गायतोंडे ह्यांची चित्रे आज जगातील मोठ्या संग्रहालयांत आहेत. एकमेकांचा आधार मिळाल्यामुळे ज्याला त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता आले.

म्हणून गावात असे एखादे प्रदर्शन भरले, तर तेथे घाई करू नये. ‘हे चित्र कशासारखे दिसते?’ एवढेच विचारून थांबू नये. प्रथम दालनात एक फेरी मारावी. मग जे चित्र मुळीच समजले नाही, त्याच्यासमोर क्षणभर उभे राहावे. चित्रकाराने कोणता रंग भरपूर वापरला, कोणता टाळला, रेषा शांत आहे की अस्वस्थ, हे पाहावे. नंतर शेजारच्या चित्राकडे वळावे. एकाच जगाकडे दोन माणसे किती निराळ्या डोळ्यांनी पाहतात, हे तेथे उमगते. आणि दुसऱ्याचे पाहणे आपल्याहून वेगळे असूनही खरे असू शकते, हे ज्याला उमगले, त्याचे प्रदर्शनाला जाणे सार्थकी लागले.