घरची गाडी (लेखांक 9) : आधी मळ वाचा, मग रंगाचा डबा उघडा

मागच्या लेखांकात इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवून स्टँडवर चढवलं. आता ते धुवायचं, कोरडं करायचं आणि रंगवायचं. बहुतेक जण या कामाला सजावट समजतात आणि गाडी जवळजवळ बांधून झाल्यावर एका संध्याकाळी स्प्रेच्या दोन डब्यांत ते उरकून टाकतात. मला हे फार मोठं नुकसान वाटतं. घरी बांधायच्या गाडीचं इंजिन कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीतून आलेलं असतं. त्याची सर्व्हिसची वही नसते, मागचा मालक भेटत नाही. ते कुठून गळत होतं, कधी तापलं होतं, कुणी कुठे घाईने पॅकिंग बदललं होतं, याची नोंद उरलेली असते ती फक्त त्याच्या अंगावरच्या मळात. धुणं ही त्या इंजिनाची पहिली खरी तपासणी आहे.

म्हणून पाणी मारण्याआधी चहूबाजूंनी फोटो काढा आणि मळ नीट पाहा. वाऱ्याने आणि उताराने तेल खाली आणि मागे सरकतं, त्यामुळे सगळ्यात घाणेरडी जागा ही गळतीची जागा नसते. ओल्या डागाचं सगळ्यात वरचं टोक शोधायचं. टॅपेट कव्हरच्या कडेपासून ओघळ सुरू झाला असेल तर काम सोपं आहे, एका गॅस्केटवर भागेल. क्लचच्या बाजूला, ब्लॉकच्या मागच्या अंगाला ताजं तेल दिसलं तर क्रँकच्या मागच्या सीलकडे संशय जातो, आणि ते काम इंजिन बाहेर आहे तोवरच करून घ्यावं. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर तांबूस किंवा हिरवट-पांढरे ओघळ म्हणजे पाणी बाहेर येत होतं. कोरडी, कडक झालेली पेंड जुनी असते. बोटाला लागणारं ओलं तेल अलीकडचं.

या कामाला बेंगळुरूच्या चामराजपेटसारखी जागा नाही. म्हैसूरच्या चामराजेंद्र वडियारांच्या नावाने 1892 मध्ये वसवलेली ही वसाहत जुन्या पेठेच्या अगदी कडेला आहे. पूर्वेला कलासिपाळ्य, तिथली ट्रान्सपोर्टवाल्यांची आणि गॅरेजांची गर्दी. पलीकडे मोटारीच्या सुट्या भागांसाठी नावाजलेला जे. सी. रोड, आणि अवजारं, ब्रश, पॉलिश पेपर, नट-बोल्ट यांसाठी एस. जे. पी. रोड. इंजिन धुताना एखादा बोल्ट तुटला तर तासाभरात दुसरा हातात येतो. अडचण आहे ती घरांची. जुनी घरं भिंतीला भिंत लावून आहेत, अंगण असलं तर चार पावलांचं. इथे उडालेला रंग शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो आणि थिनरचा वास वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जातो. जागेची ही मर्यादा पुढच्या प्रत्येक निर्णयात लक्षात ठेवायची आहे.

या लेखमालेत आपण प्रीमियर पद्मिनीचं इंजिन धरलं आहे: मूळचं फियाट 1100चं, वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं, 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. एकाच इंजिनात दोन धातू आहेत, त्यांना लागणारी औषधं वेगळी आहेत, आणि घरगुती कामात सर्वांत जास्त नासाडी इथेच होते.

गॅरेजमध्ये ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात उकळून घेण्याची पद्धत आहे. सुट्या, बिडाच्या ब्लॉकला ते उत्तम. पण ॲल्युमिनियमला कॉस्टिक लागला की धातूच विरघळू लागतो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. हेड काळवंडतं, पृष्ठभागावर खड्डे पडतात, गॅस्केट बसण्याची सपाटी जाते. बेंगळुरूच्याच सिपानी कंपनीने ऐंशीच्या दशकात काढलेल्या 'डॉल्फिन' गाडीत ब्रिटनच्या रिलायंटचं 848 सीसीचं इंजिन होतं, आणि त्याचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा होता. असं इंजिन कुणाला मिळालंच तर कॉस्टिकच्या टाकीजवळही नेऊ नये. धातू ओळखायला लोहचुंबक पुरतो, तो खिशात ठेवा.

आपण घरी करतोय, इंजिन न उघडता करतोय, म्हणून सौम्य मार्ग. आधी सगळी तोंडं बंद करायची: कार्ब्युरेटरची जागा, एक्झॉस्टची भोकं, डिपस्टिकची नळी, ब्रीदर, डिस्ट्रिब्युटरचं भोक, पाण्याच्या नळ्या. चिंध्या कोंबू नका. त्या आत राहून जातात, आणि त्यांचे धागे तेलाच्या जाळीत अडकतात. लाकडी खुंट्या, पत्र्याच्या चकत्या आणि वर टेप हे बरं. डायनामो, सेल्फ आणि डिस्ट्रिब्युटर काढूनच ठेवायचे.

मग खरवडणी. जाड पेंड बोथट पट्टीने कोरडीच काढा. द्रावण टाकून ती पातळ केली की सगळीकडे पसरते. जुन्या गॅस्केटचे तुकडे मात्र कोरडे घासू नयेत. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये, क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसातून बाहेर येत नाही. ते ओलं करून, पट्टीने सोलून, पिशवीत बांधून टाकायचं. जुन्या रंगाचंही तसंच, त्यात शिसं असू शकतं; ओला पॉलिश पेपर वापरा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावलात तर डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण सुटलेली तार सुईसारखी उडते. वाळूचा मारा जुळवलेल्या इंजिनावर कधीच करू नये. एक कण तेलाच्या वाटेत शिरला तर बेअरिंग गेलं.

त्यानंतर रॉकेल आणि ब्रश. रॉकेल आता सहज मिळत नाही. डिझेलने काम होतं, पण त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो आणि तो काढायला साबणाचं गरम पाणी जास्त लागतं. पाण्यात मिसळणारा डिग्रीझर मिळाला तर सर्वांत उत्तम. पेट्रोल वापरू नका, अशा बंदिस्त अंगणात तर नाहीच. शेजारी देवापुढे निरांजन लागलेलं असतं आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत जाते.

हे काळं पाणी गटारात सोडायचं नाही, हे मला आग्रहाने सांगायचं आहे. या भागातलं सांडपाणी वृषभावतीकडे जातं, वृषभावती अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. वृषभावतीची अवस्था मैसूर रोडवरून जाताना नाकाला कळते. तिच्यात आपली भर नको. काम पत्र्याच्या परातीत करा, रॉकेल दोन दिवस निवळू द्या, वरचं स्वच्छ पुन्हा वापरा, खालचा गाळ आणि जुनं ऑइल कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या. कायद्याने ते घातक कचऱ्यातच मोडतं.

ब्लॉक स्वच्छ झाला की मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटणारा अर्धा तास येतो. संशयित जागांवर रॉकेलचा हात फिरवा: इंजिन ज्यावर बसतं ते कान, बोल्टच्या भोकांमधली अरुंद जागा, पाण्याच्या पोकळीवरची बाजू. पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसून घ्या आणि वर स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड लावा. स्पिरिट उडून पूड पांढरी होते. कुठे केसाएवढी चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. खर्च जवळपास काहीच नाही, आणि रंग एकदा चढला की हीच चीर पुढे वर्षभर दिसणार नाही. याच वेळी ब्लॉकच्या अंगावरच्या पत्र्याच्या गोल टोप्या टोकरून पाहा. पाण्याच्या पोकळीची तोंडं त्यांनी बंद केलेली असतात आणि त्या आतून गंजतात. एकीला जरी स्क्रू-ड्रायव्हरने खळगा पडला तर सगळ्या बदला. गाडीत बसल्यावर काहींपर्यंत हातच पोचत नाही.

इंजिन नंबर साफ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि तो कागद खरेदीच्या पावतीबरोबर ठेवा. नंतर त्या जागेवर टेप. नंबरावर पॉलिश पेपर घासायचा नाही, रंगाने तो बुजवायचा नाही. घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी मुळातच अवघड असते, ते आपण दुसऱ्या लेखांकात पाहिलं. त्यात अस्पष्ट नंबर म्हणजे चोरीच्या इंजिनाचा संशय ओढवून घेणं.

धुतलेलं बीड काही तासांत गंजतं, पावसाळी हवेत त्याहून लवकर. म्हणून कॉम्प्रेसरने भोकाभोकातलं पाणी उडवून, हॅलोजनच्या दिव्याने ब्लॉक कोमट करून, त्याच दिवशी प्रायमर मारायचा. प्रायमरआधी शेवटचा हात थिनरचा, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी स्पर्श नाही. बोटाच्या तेलावर रंग धरत नाही.

रंग निवडताना तापमान पाहायचं. ब्लॉक आणि हेडच्या पाण्याचं तापमान चालत्या गाडीत साधारण 80 ते 95 अंश असतं, त्यामुळे इंजिनासाठी म्हणून मिळणारा इनॅमल तिथे निर्धास्त चालतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र कित्येक शे अंशांवर जातो. तिथे 600 अंशांचा सिलिकोनवर आधारलेला रंग लागेल, नाहीतर तो मॅनिफोल्ड सरळ बिनरंगाचा ठेवा. बीड तांबूस होईल, बिघडणार काही नाही. हार्डनर मिसळून मारायचे दोन घटकांचे रंग दिसायला सुंदर असतात, पण त्यांतल्या आयसोसायनेटपासून साधा मास्क वाचवत नाही. चामराजपेटच्या अंगणात ते मारू नयेत, माझं मत ठाम आहे. इथे ब्रश चांगला. मऊ ब्रशने दोन पातळ हात दिले तर बिडाच्या खडबडीत अंगावर खुणाही दिसत नाहीत. जाड थर कोपऱ्यात साचतो, तापून फुगतो आणि पापुद्र्याने सुटतो.

कोणता रंग, यावर लोक हळवे असतात. अमेरिकेत शेव्हरोलेची इंजिनं केशरी आणि फोर्डची निळी म्हणून ओळखली जातात, आणि जुनी गाडी मूळ रूपात आणायची असेल तर तो आग्रह योग्यच. आपल्या गाडीला मूळ रूप नाही, म्हणून मी फिका राखाडी सुचवतो. काळ्यावर तेल दिसत नाही. फिक्या राखाडीवर पहिला थेंब कुठून निघाला ते तिसऱ्या दिवशी टॉर्चच्या उजेडात कळतं.

ज्यांचं इंजिन दुचाकीचं, हवेने थंड होणारं आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरगुती गाड्या तशाच असतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी सुमारे 60 हजार रुपयांत भंगारातून बांधलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप डिसेंबर 2021 मध्ये देशभर पाहिली गेली. पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी त्यांना बोलेरो दिली. अशा इंजिनांचे पंखे, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पातळ चकत्या, हेच त्यांचं रेडिएटर. त्यांच्यामधला चिखल लाकडी काडीने काढणं हे रंगापेक्षा शंभर पट महत्त्वाचं. रंग द्यायचाच तर उष्णतारोधक काळ्याचा एकच अतिशय पातळ हात; काळा पृष्ठभाग उष्णता चांगली फेकतो, पण थर जाड झाला की तोच आडवा येतो. आणि मोटारसायकलवर समोरून मिळणारा वारा बॉनेटखाली मिळत नाही. तिथे रिक्षाच्या इंजिनासारखा फॅन आणि पत्र्याचं आवरण लागतं.

आता रंग कुठे नको. गॅस्केट बसते त्या सपाट जागा, बोल्टची भोकं, बोल्टच्या डोक्याखालची जागा (तिथला रंग दबतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो), पुलीची खाच, रबर, ब्रीदर. ऑइल प्रेशरचा स्विच आपल्या आट्यांतूनच अर्थ घेतो, म्हणून ते भोक कोरं हवं. पुलीवरच्या टायमिंगच्या खुणा मात्र पांढऱ्या रंगाने मुद्दाम उठवा.

टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत ओढून काढा, नाहीतर कडा फाटतात. भोकांत गेलेला रंग टॅप फिरवून साफ करा. अर्थची पट्टी जिथे ब्लॉकला लागते तिथे रुपयाएवढी जागा धातूपर्यंत घासा, पट्टी आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. ज्यांची बॉडी फायबर ग्लासची असेल त्यांनी हे दोनदा तपासावं: तिथे बॉडीतून वीज परतत नाही, आणि रंगावर आवळलेल्या पट्टीमुळे सेल्फ कण्हत राहतो, तर माणूस बॅटरीला दोष देत बसतो.

रंग आठवडाभर सावलीत वाळू द्या. त्याला खरी पक्की वाळवण मिळते ती इंजिन सुरू झाल्यावर, तीही टप्प्याटप्प्याने: आधी थोडा वेळ चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग त्याहून जास्त वेळ, मग पूर्ण तापमानापर्यंत. त्या वेळी थोडा धूर आणि वास येईल, घाबरू नका, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. तिथवर पोचायला अजून तीन लेखांक आहेत. पुढच्या आठवड्यात इंजिनाचे कान आणि चासीवरचे रबरी पाय एका रेषेत कसे आणायचे ते पाहू. तोवर पायांची मोजमापं घेऊन ठेवा.