पाठीचे पोक आणि श्वास

लोहा तालुक्यात खुरपणी व कापसाची वेचणी बहुतांशी स्त्रियाच करतात. वर्षानुवर्षे वाकून पाठीचे स्नायू थकतात, उतारवयात हाडे ठिसूळ होतात आणि पाठीला पोक येते. पोकामुळे छाती दबते, फासळ्या नीट पसरत नाहीत व श्वास उथळ होतो. माळेगावच्या यात्रेत आजीबाई चार पावलांवर थांबतात, त्याचे हेही एक कारण असते. ते केवळ वय म्हणून सोडून देणे योग्य नव्हे.

दबलेले मणके व्यायामाने पूर्ववत होत नाहीत. दुर्बळ स्नायूंना मात्र बळ येते. भिंतीला पाठ लावून उभे राहावे व हनुवटी किंचित आत घ्यावी. कोपरे मागे नेत पाठीचे दोन्ही फरे जवळ आणावेत. नाकाने सावकाश श्वास घेऊन बरगड्या दोन्ही बाजूंस फुलू द्याव्यात. मग फुंकणीने चूल फुंकावी तसा, पण हलकेच, तोंडाने सोडावा. असे पाच श्वास सकाळ-संध्याकाळ घ्यावेत. उभे राहवत नसल्यास बाजेच्या कडेवर बसून करावे. घेरी आल्यास थांबावे.

पायाचे अंगठे धरण्यासारखे पुढे वाकण्याचे व्यायाम मात्र करू नयेत. ठिसूळ मणका त्याने मोडू शकतो. भरलेली घागर वाकून उचलणेही तितकेच घातक. पाठीत एकाएकी कळ आल्यास, ताप वा वजनात घट असल्यास, किंवा बसल्या जागी धाप लागत असल्यास व्यायामाआधी डॉक्टरांस दाखवावे. मणक्याच्या क्षयानेही पोक येते.

आशा कार्यकर्तीने प्रारंभी भिंत व डोक्याची मागची बाजू यांतील अंतर बोटांनी मोजून वहीत लिहावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे.