माळवद हलके करा, मग भिंती रंगवा

मृग जवळ आला की माळवदाच्या घरी एक काम ठरलेले असते. गाडीभर पांढरी माती आणायची आणि गळक्या जागेवर ओढायची. आजाने तेच केले, बापाने तेच केले, आपणही तेच करतो. खालचा थर मात्र कोणी काढत नाही. आत पाहावे तर भिंतीला लोणा लागलेला असतो, कोनाड्याचे पोपडे सुटलेले असतात आणि तुळईचे टोक काळे पडलेले असते. घरात लग्न निघाले की सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट. दोन पावसाळे गेले की भिंत पुन्हा पहिल्यासारखी. मग म्हणायचे, "जुनं घर हाय, असंच चालायचं."

असेच चालू दिल्याची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक बळी घेतले ते चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माथ्यावरच्या मातीने. म्हणून जुने घर आतून नीट करायचे तर सुरुवात माथ्यापासून करावी लागते. आधी पाणी, मग वजन, मग भिंत आणि सर्वांत शेवटी रंग.

माथ्यावर किती ओझे?

हिशोब घरच्या घरी करता येतो. दाबून बसलेली एक घनफूट कोरडी माती सुमारे ४५ किलो भरते. पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब अशा एका खणावर दीड फूट माती असेल, तर ती ७५ घनफूट होते. म्हणजे एका खणावर तीन टनांहून अधिक ओझे, आणि तेही कोरड्या मातीचे. झडीच्या पावसात ती पाणी पिते तेव्हा वजन आणखी वाढते. त्याखाली आपली लेकरे झोपतात.

भूकंपानंतर दुरुस्तीचे जे उपाय सांगितले गेले, त्यांत ही माती कमी करण्यावर भर होता. साधारण आठ इंच थर ठेवून मध्ये जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, तर गळती थांबते आणि दरवर्षी माती ओढण्याची पाळी येत नाही. कागदाच्या कडा भिंतीवर नीट चढवाव्यात, उतार पन्हाळीकडे द्यावा आणि पन्हाळ भिंतीपासून लांब काढावी. ती भिंतीतच मुरली तर सगळी मेहनत वाया.

माती काढताना खोली रिकामी करावी आणि तुळयांना खालून टेकू द्यावेत. माती सगळीकडून सारखी उतरवावी. एका बाजूला ढीग घातला तर सगळा भार त्याच बाजूच्या तुळईवर येतो. काढलेली माती भिंतीला टेकवून टाकू नये. पावसात तीच माती भिंतीला ओल देते.

छताचे लाकूड

माती निघाली की फळ्या, कड्या आणि तुळया उघड्या पडतात. लाकूड तपासायची हीच वेळ. हातोडीने ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर लाकूड शाबूत, बद आवाज आला तर आतून पोकळ. तुळई मध्यभागी चांगली दिसते, पण भिंतीत गेलेले टोक आधी कुजते, कारण तिथे ओल असते आणि हवा लागत नाही. त्या टोकाला जाड खिळा टोचून पाहावा. सहज आत गेला तर सुताराला बोलवावे. टोक कुजले म्हणून अख्खी तुळई टाकायला नको. कुजका भाग काढून जोड देता येतो किंवा खाली नवा खांब उभा करता येतो.

खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तिरपी लाकडे ठोकून घ्यावीत. सांगाडा हलला तरी डगमगत नाही. १९९३ मध्ये काही घरांच्या भिंती पडल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचली, हे विसरू नये.

चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या छताला लगेच रंग लावू नये. काजळी कोरड्या ब्रशने झाडून, पुसून घ्यावी आणि जवसाच्या तेलाचा हात द्यावा. रंगाखाली ओलीचा डाग झाकला जातो आणि तुळई कुजत असल्याचे कळत नाही.

भिंतीला पोट आले तर

आपल्या दगडी भिंतीला दोन पदर असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. मध्ये चिखल आणि चिपा भरलेल्या असतात. आरपार जाणारा दगड नसला की पदर सुटतात आणि भिंतीला पोट येते. खोलीच्या आतून ओळंबा धरला की ते लगेच दिसते. अशा भिंतीवर गिलावा करणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे. उंचीत दर दोन फुटांनी आणि लांबीत जास्तीत जास्त चार फुटांवर आरपार दगड असावा, असे भारतीय मानक सांगते. उभ्या भिंतीत छिद्र पाडून, त्यात लोखंडी सळई आणि काँक्रीट भरूनही हा बांध घालता येतो. मात्र हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, भार टेकूंवर घेऊनच करावे. पोट फार सुटले असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचणे बरे.

लोणा आणि सिमेंट

लोणा म्हणजे जमिनीतून ओलीबरोबर वर चढलेला क्षार. मोरीचे पाणी, तुंबलेले गटार आणि जोत्याएवढे भरलेले अंगण ही त्याची मुळे. ती आधी बंद करावीत. सुटलेला गिलावा ओलीच्या खुणेच्या वर फूटभर खरवडावा, क्षार कोरडाच झाडावा आणि भिंत एक उन्हाळा सुकू द्यावी.

सिमेंट वाईट नाही, पण मातीच्या भिंतीवर ते बसत नाही. आतली ओल त्यातून बाहेर पडत नाही, म्हणून वर चढते. शेवटी गिलावा भिंतीची माती घेऊनच खाली येतो. तिथे मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच चालतो. मातीच्या गिलाव्यासाठी चाळलेल्या मातीत गव्हाचा भुसा आणि शेण घालून, आठ-दहा दिवस तुडवत कुजवावे. चुन्यासाठी चुनकळी पाण्यात विझवून, गाळून, निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवावी. चुनकळी विझताना पाणी उकळते, म्हणून लेकरांना लांब ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू घ्यावी. थर पातळ द्यावेत आणि आठवडाभर पाणी शिंपडून ओलसर ठेवावेत. चुना हवा खाऊन हळूहळू दगड होतो. त्याला घाई चालत नाही. भर उन्हाळ्याच्या झळांत तो तडकतो, म्हणून माथ्याचे काम मृगापूर्वी उरकावे आणि चुन्याचा गिलावा दिवाळीनंतर धरावा.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

घर पडल्यावर पंचनामा होतो, पण पडण्यापूर्वी कोणी पाहत नाही. ग्रामसेवक आणि सरपंचांनी वैशाखात एक जाणता गवंडी व एक सुतार बरोबर घेऊन गावातील माळवदे पाहावीत. घरपट्टीची नोंदवही हाताशी असतेच. तिच्यावरून जुन्या घरांची यादी निघते. पोट आलेल्या भिंती, कुजलेल्या तुळया आणि जाड माती यांची नोंद करून घरमालकाला लेखी सांगावे. गावची चावडी किंवा शाळेची खोली माळवदाची असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

आणि घरधन्याने यंदा एक करावे. माती ओढण्याआधी माळवदाच्या एका कोपऱ्यात खड्डा घेऊन थर किती जाड आहे ते मोजावे. हात कोपरापर्यंत आत गेला, तर या वर्षी गाडी माती आणायला जुंपू नये, माती उतरवायला जुंपावी.