‘सर्वांत अरुंद’ : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

बंगळूरच्या जुन्या पेठेतून दक्षिणोत्तर जाणाऱ्या अॅव्हेन्यू रोडचे पूर्वीचे नाव ‘दोड्डपेटे’ असे होते. कानडीत ‘दोड्ड’ म्हणजे मोठा. तिला छेदून पूर्वपश्चिम जाणारी ती ‘चिक्कपेटे’, म्हणजे धाकटी पेठ. केंपेगौडाने वसविलेल्या या नगराच्या स्थापनेचे वर्ष परंपरेने 1537 मानले जाते. त्या काळच्या बैलगाड्यांना आणि लमाणांच्या तांड्यांना दोड्डपेटे मोठी वाटली असल्यास नवल नाही. आज मल्लेश्वरम् किंवा बसवनगुडी येथून येणारा मनुष्य तिला अरुंद म्हणतो. 1898 च्या प्लेगनंतर ज्या वसाहतींची झपाट्याने वाढ झाली, त्यांतील सरळ व प्रशस्त रस्त्यांची त्याच्या डोळ्यांना सवय असते. पेठेतल्या पेठेत वावरणारा व्यापारी मात्र तिला अजूनही मोठा रस्ताच समजतो, कारण तिला मिळणारे बोळ त्याने पाहिलेले असतात. दोघांचेही विधान खरे आहे. ‘अरुंद’ हे विशेषण वस्तूचा धर्म सांगत असल्याचा आभास निर्माण करते. वास्तविक ते दोन वस्तूंमधील संबंध सांगते. मग त्याच विशेषणाला ‘सर्वांत’ हे पद जोडले म्हणजे काय सांगितले जाते, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. हेच पद पुढे मनाला, मताला आणि साहित्याला लावले जाते, आणि तेथे त्याचा हिशेब सहसा कोणी विचारीत नाही.

प्रथम शब्दाकडे पाहावे. परिमाणे सांगणाऱ्या मराठी विशेषणांच्या जोड्या लावल्या, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. लांबला आखूड आहे, उंचला ठेंगणा आहे, खोलला उथळ आहे, जाडला पातळ आहे. रुंदला मात्र केवळ ‘अरुंद’, म्हणजे रुंद नसलेला. विस्तीर्ण या अर्थाचा ‘रुंद’ हा प्राकृत शब्द मराठीने जतन केला आणि त्याच्या उलट अर्थासाठी नकाराचा ‘अ’ लावून भागविले. चिंचोळा, निमुळता हे शब्द आहेत. परंतु चिंचोळेपणात लांबीही गृहीत असते, आणि निमुळतेपणात एका टोकाकडे कमी कमी होत जाणे असते. नुसती रुंदीची उणीव सांगणारा नित्याच्या वापरातील शब्द अरुंद हाच. त्यामुळे ‘सर्वांत अरुंद’ याचा अक्षरशः अर्थ ‘रुंदी जेथे सर्वांहून कमी आहे असा’ एवढाच होतो. या शब्दात मुळात निंदा नाही. केवळ मोजणी आहे.

अतिशयाचा अर्थ दाखविण्यासाठी संस्कृतात ‘तमप्’ आणि ‘इष्ठन्’ हे प्रत्यय आहेत व पाणिनीने त्यांची व्यवस्था लावून दिली आहे. मराठीला हे प्रत्यय वारशाने मिळाले, पण तयार शब्दांबरोबर. लघुतम, न्यूनतम, ज्येष्ठ, कनिष्ठ चालतात. ‘अरुंदतम’ कानाला खटकते, कारण तत्सम प्रत्यय देशी शब्दावर बसत नाही. म्हणून मराठी बोलणारा ‘सर्वांत’ म्हणतो. हे सप्तम्यंत पद आहे हे विसरता कामा नये. एका समुदायातून एकाला गुणामुळे वेगळे काढणे, यालाच संस्कृत व्याकरण ‘निर्धारण’ म्हणते आणि त्यासाठी षष्ठी किंवा सप्तमी योजते. मराठीने त्यांपैकी सप्तमी निवडली. ‘सर्वांत अरुंद’ असे उच्चारताच ‘कोणत्या सर्वांत?’ हा प्रश्न विभक्तीनेच उभा केलेला असतो. कानडीत याच कामी ‘एल्लक्किंत’, म्हणजे ‘सर्वांपेक्षा’, असे म्हणतात. पण त्याचबरोबर तेथे ‘अत्यंत’ हा संस्कृत शब्दही पुष्कळदा ‘सर्वांत’ याच अर्थाने योजिला जातो. मराठीत ‘अत्यंत’ म्हणजे फार, पराकाष्ठेचा. त्यात तुलना नाही. एकच शब्द, एकच लेखन, आणि तरी एका भाषेत तो प्रमाण सांगतो, दुसरीत क्रमांक सांगतो. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले, तर त्याला भ्रष्टता म्हणण्याचे कारण नाही. शेजार म्हणजे हेच.

वाच्यार्थाने हे पद किती चोख काम करते, याचे उदाहरण या नगरातच आहे. बंगळुराला 1864 मध्ये जोलारपेटहून पहिली आगगाडी आली ती रुंदमापी, साडेपाच फुटांच्या रुळांवरून. 1881-82 च्या सुमारास म्हैसूरची वाट झाली ती मीटरमापी. पुढे 1915 च्या सुमारास चिक्कबळ्ळापूरकडे जी हलकी रेल्वे निघाली, तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट होते. अशा रीतीने एकाच नगराच्या परिसरात तीन मापे एकत्र आली, आणि त्यांतील सर्वांत अरुंद कोणते, याविषयी वादाला जागाच उरली नाही. महाराष्ट्रात 1897 ची बार्शी लाइट रेल्वे हीसुद्धा अडीच फुटांचीच. ती तिच्या प्रवाशांना सर्वांत अरुंद वाटत असेल, पण 1907 मध्ये माथेरानच्या डोंगरावर दोन फुटांचे रूळ चढले आणि तो मान गेला. ‘चिक्कबळ्ळापूरचा मार्ग सर्वांत अरुंद’ आणि ‘माथेरानचा मार्ग सर्वांत अरुंद’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण दोहोंतले ‘सर्व’ निराळे आहेत. पहिल्यात बंगळूरचे तीन मार्ग, दुसऱ्यात महाराष्ट्रातले. वाच्यार्थी उच्चतमाचे हेच वैशिष्ट्य की फूटपट्टी आणून ते खोटे पाडता येते.

कधी कधी समुदाय अनेक वस्तूंचा नसून एकाच वस्तूच्या अनेक स्थळांचा असतो. सिलिगुडीजवळची भूपट्टी जेथे सर्वांत चिंचोळी आहे तेथे ती सुमारे 20 ते 22 किलोमीटर रुंद भरते, असे म्हणताना इतर कोणत्याही भूपट्टीशी तुलना अभिप्रेत नसते. बंगळुराच्या दक्षिणेस कावेरी एका खडकाळ घळईत शिरते, त्या स्थळाचे नाव ‘मेकेदाटु’ आहे. मेके म्हणजे शेळी आणि दाटु म्हणजे ओलांडणे. नदीच्या विस्तीर्ण पात्राचे हे सर्वांत अरुंद स्थळ सांगायला लोकांनी ना प्रत्यय घेतला ना सप्तमी. शेळीच्या उडीचे माप घेतले आणि नाव देऊन मोकळे झाले.

आता लक्षणेकडे वळावे. अरुंदपणाचा अनुभव मनुष्याला फार प्राचीन काळापासून भयाचा वाटत आला आहे. वैदिक भाषेत ‘अंहस्’ म्हणजे कोंडी, अडचण आणि पुढे पाप. त्याच्या समोर ‘उरु’, म्हणजे ऐसपैस, हा मोकळेपणाचा शब्द उभा असतो. लॅटिनमधील ‘आंगुस्तुस’, म्हणजे अरुंद, आणि जर्मनमधील ‘आंग्स्ट’, म्हणजे धास्ती, ही याच कुळातील भावंडे. संस्कृतात ‘संकट’ हे मूळचे विशेषणच होते व त्याचा अर्थ दाटीचा, अरुंद असा होता. नंतर ते अरुंद वाटेचे आणि अखेर आपत्तीचे नाव झाले. त्याच्या प्राकृत वंशजापासून हिंदीत व गुजरातीत अरुंद या अर्थाची विशेषणे आजही चालू आहेत. मराठीत मात्र ‘सांकडे’ हे संतवाङ्मयापासून अडचणीच्या अर्थाने रूढ झाले. देवाला साकडे घालणारा भक्त आपण देवाला अरुंद जागी गाठत आहोत असे मनात आणीत नाही, तरी शब्द तेच म्हणतो. फारसीतून आलेल्या ‘तंग’चेही असेच झाले: अंगरखा तंग होतो, वातावरण तंग होते आणि पैशाची तंगी येते. कानडीतील ‘इक्कट्टु’ हा शब्द दाटीच्या गल्लीलाही लागतो आणि पेचप्रसंगालाही. भाषा वेगळ्या, कुळे वेगळी, पण छातीवर येणारे दडपण एकच.

परंतु अरुंदपणा नेहमी वाईटच, असेही भाषेने मानलेले नाही. 1660 च्या जुलै महिन्यात घोडखिंडीत जे घडले त्यानंतर ‘खिंड लढविणे’ हा वाक्प्रचार मराठीत ज्या अभिमानाने वापरला जातो, त्याचा सारा आधार खिंडीच्या अरुंदपणावर आहे. मोकळ्या मैदानात मूठभर लोक मोठ्या फौजेला थोपवू शकले नसते. येथे अरुंदपणा हा दुर्बळाचा मित्र आहे. आणखी एक गोष्ट. इंग्रजीचे वळण घेऊन निवडणुकीतील बहुमतालाही कोणी ‘अरुंद’ म्हणू लागले, तर ते मराठी होणार नाही. विजय निसटता असतो, बचाव थोडक्यात होतो, नजर बारीक असते, मन कोते असते. अरुंद मनाचा असे मराठीत कोणी म्हणत नाही, कारण मनाची रुंदी मराठीत मोजली जात नाही. मन मोठे असते किंवा लहान असते.

मनाच्या आणि अर्थाच्या बाबतीत जो शब्द येतो तो ‘संकुचित’. त्याची घडण अरुंदाहून अगदी निराळी आहे. संकुचित हे धातुसाधित विशेषण आहे. त्याचा अर्थ ‘आकसलेला’. जे आकसले ते पूर्वी पसरलेले होते, निदान पसरू शकले असते, हे त्यात गृहीत आहे. गल्ली अरुंद असते, पण तिला संकुचित म्हणायचे तर कोणाच्या तरी ओट्याने रस्ता खाल्लेला असला पाहिजे. अरुंदाला ‘कशांत?’ असे विचारावयाचे, तर संकुचिताला त्याआधी ‘कशापासून?’ असे विचारले पाहिजे. गंमत अशी की याच धातूपासून निघालेला ‘संकोच’ मराठीत आणि कानडीतही सभ्यतेचे लक्षण मानला जातो. पाहुण्याला ‘संकोच करू नका’ म्हणावे लागते ते तो करतो म्हणून, आणि त्याने तो मुळीच केला नाही तर यजमानाच्या कपाळाला आठी पडते. देह आकसला तर विनय, दृष्टी आकसली तर दोष.

शब्दाच्या अर्थासंबंधी बोलताना ‘संकुचित’ पुन्हा निर्दोष होते. ‘मृग’ म्हणजे पूर्वी कोणताही वन्य पशू, आता हरिण. हा अर्थसंकोच होय, आणि त्यात कोणाचा अपराध नाही. ‘सर्वांत संकुचित अर्थाने’ हा प्रयोग येथे अत्यंत उपयुक्त ठरतो, कारण अर्थाची वर्तुळे एकात एक काढता येतात व सर्वांत आतले वर्तुळ बोटाने दाखविता येते. ‘दलित’ हा शब्द सर्वांत संकुचित अर्थाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपुरता आहे. दलित पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्याने त्यात आदिवासी, नवबौद्ध, भूमिहीन, कष्टकरी आणि स्त्रिया यांना घेऊन वर्तुळ रुंदावले. कोणता अर्थ घेतला हे सांगून जो बोलतो त्याच्याशी वाद करता येतो. न सांगता एका वर्तुळातून दुसऱ्यात सरकणाऱ्याशी वाद होऊच शकत नाही.

खरी अडचण तिसऱ्या जागी आहे: एखाद्या कृतीला, लेखकाला किंवा भाषिक समाजाला ‘सर्वांत संकुचित’ म्हणणे. येथे वर्तुळे नाहीत, फूटपट्टी नाही आणि बहुधा ‘सर्व’ कोण हेही ठरलेले नाही. उच्चतमवाचक शब्दांची अशी झीज नवी नव्हे. ‘उत्तम’ आणि ‘श्रेष्ठ’ हे दोन्ही मुळात उच्चतमवाचक. त्यांचा समुदाय विसरला गेल्यावर ते नुसते ‘चांगला’ या पायरीवर उतरले आणि त्यांना पुन्हा वर चढविण्यासाठी सर्वोत्तम, सर्वश्रेष्ठ असे टेकू द्यावे लागले. स्तुतीचे शब्द झिजले तर फारशी हानी होत नाही. निंदेचा शब्द झिजला, तर तो बोथट होऊनही लागतच राहतो.

टीकेत या झिजलेल्या शब्दाने केलेला मोठा घोटाळा म्हणजे क्षेत्राचा अरुंदपणा आणि दृष्टीचा संकोच यांना एक मानणे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे क्षेत्र धनगरांच्या लहानशा वाडीएवढे आहे, मराठी कादंबऱ्यांत इतके थोडे भूमितल व्यापणाऱ्या कृती फार नसतील. तिला अरुंद म्हणता येईल, संकुचित म्हणता येणार नाही, कारण तेथे काहीही आकसलेले नाही. त्या वाडीत मावेल तेवढे जग पुरे उभे राहिले आहे. आर. के. नारायण यांना ‘मालगुडी’ हे काल्पनिक गाव सुचले ते 1930 मध्ये बंगळुरातच. पुढे 1935 मध्ये ‘स्वामी अँड फ्रेंड्स’पासून त्यांनी जवळजवळ सारे कथाविश्व त्या एका गावात कोंडले, कोंडले म्हणावे, तरी जगभरच्या वाचकांना ते अपुरे वाटले नाही. याउलट सात समुद्र ओलांडणारी कादंबरीही प्रत्येक बंदरावर त्याच एका पात्राचे मत ऐकवीत असेल, तर ती संकुचित होय. प्रादेशिक, ग्रामीण आणि दलित साहित्यावर वेळोवेळी जो संकुचितपणाचा आरोप झाला, त्यातील बराचसा भाग या एका गल्लतीवर उभा आहे.

1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठी आणि कानडी समाजांत सीमेचा जो वाद सुरू झाला, तो 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालानंतरही मिटला नाही आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचे गुणदोष येथे प्रस्तुत नाहीत. शब्दाच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते एवढेच की दोन्ही बाजूंना एकमेकांसाठी तोच शब्द सापडतो. ‘संकुचित मनोवृत्ती’ आणि ‘संकुचित मनोभाव’ यांत अनुवाद करण्याजोगे जवळजवळ काहीच नाही. सतराव्या शतकात शहाजीराजे बंगळुरास असताना जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. राजवाड्यांनी 1922 मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्याला बारा भाषा येतात असे सांगणाऱ्या त्या कवीला या नगरात एकाच भाषेत बोलण्याची गरज वाटली नव्हती.

दोन भाषांत शब्द समान असला म्हणजे अनुवादकाचे काम सोपे होते, असा समज आहे. मराठी लेखक रागाच्या भरात एखाद्या भूमिकेला ‘अत्यंत संकुचित’ म्हणतो. त्याला ‘फार’ एवढेच म्हणावयाचे असते. कानडी अनुवादक दोन्ही शब्द जसेच्या तसे उतरवितो, कारण ते त्याच्याही भाषेतले आहेत. बंगळूरचा वाचक ते वाचतो आणि ही भूमिका सर्वांत संकुचित ठरविली गेली आहे, असे समजतो. एकही अक्षर बदललेले नसते. मूळ लेखकाने ज्या ‘सर्वां’चा विचारही केला नव्हता, त्यांच्या तळाशी ती भूमिका जाऊन बसलेली असते, आणि तो समुदाय कोणता, हे मात्र दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही.