खाणीतील जायबंदी कामगारांचे पुनर्वसन

दगडी कोळशाच्या खाणीत छत कोसळून होणारा अपघात फार घातक असतो. कोळशाचा थर जेथे कमी उंचीचा असतो, तेथे कामगाराला गुडघ्यांवर बसून किंवा ओणवे होऊन काम करावे लागते. त्यामुळे वरून निखळलेली शिळा त्याच्या पाठीवरच येते. कणा मोडून आतील मज्जारज्जू दुखावला, म्हणजे कमरेखालचा भाग लुळा पडतो. माणूस जगतो, परंतु उठू शकत नाही.

अशा कामगारांचे पुढे काय व्हावे, या प्रश्नाला अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर एक उत्तर मिळाले. १९४६ साली कोळसा कामगारांच्या संपामुळे तेथील सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. २९ मे रोजी मंत्री ज्युलियस क्रूग आणि कामगार नेते जॉन लुइस यांच्यात करार झाला. त्याअन्वये दर टन कोळशामागे ५ सेंट कामगारांच्या कल्याणनिधीत जमा होऊ लागले. १९५२ पर्यंत हा आकार ४० सेंटांवर गेला.

निधीच्या कार्यकर्त्यांना डोंगराळ खाणमुलखात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले कामगार आढळले. त्यांना आगगाडीने न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा दूरच्या ठिकाणी पुनर्वसन केंद्रांत नेण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये डॉ. हॉवर्ड रस्क हे महायुद्धातील जखमी सैनिकांच्या सेवेतून मिळालेला अनुभव या कामी वापरीत होते.

या उपचारांचा क्रम समजून घेण्याजोगा आहे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने रुग्णाच्या अंगाला खोल जखमा होतात आणि मूत्रमार्गात जंतुदोष शिरतो. कित्येकांचे प्राण मूळ दुखापतीपेक्षा यांमुळेच जातात. म्हणून प्रथम या जखमा भरून आणावयाच्या, कूस वारंवार बदलावयाची, मूत्राशयाची निगा शिकवावयाची. नंतर व्यायामाने दंड व खांदे बळकट करावयाचे, कारण पायांचे काम आता त्यांनाच करावयाचे असते. पुढे पायांना आधारपट्ट्या बांधून कुबड्यांवर उभे करावयाचे. ते न साधल्यास चाकांच्या खुर्चीचा सराव द्यावयाचा. शेवटी बसून करता येईल असा एखादा व्यवसाय शिकवावयाचा. यांपैकी कोणतीही पायरी गाळली तर आधीचे श्रम बव्हंशी वाया जातात.

तथापि या योजनेचे मर्मस्थान तिच्या उत्पन्नातच होते. १९५६ साली निधीने खाणमुलखात दहा रुग्णालये उघडली. परंतु तेल व वायू यांच्या स्पर्धेने कोळशाची मागणी घटली आणि निधीची आवकही आटली. १९६० साली, एक वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या कामगारांची वैद्यकीय सवलत काढून घेण्यात आली. पुढे काही वर्षांतच ती रुग्णालये दुसऱ्या संस्थेच्या हाती गेली. ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज, त्याचीच मदत अशा रीतीने प्रथम तुटली.

भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अवयवहानीचे मोल शेकडेवारीने ठरविले. अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ठरावीक टक्के गेली, असे त्यात धरले होते. भरपाई मिळणे न्याय्यच होय. परंतु हाती पैसे आले म्हणून अंथरुणावरील माणूस उठून बसत नाही. त्यासाठी उपचार, साधने व शिक्षण यांची साखळी अखंड राहावी लागते. तिचा खर्च खनिजाच्या तेजीमंदीवर सोपवू नये, हाच उमरेड-चंद्रपूरच्या कोळसा मुलखानेही ध्यानी घ्यावा असा त्या अनुभवाचा बोध आहे.